साताऱ्यातली १९८७ची मारुती व्हॅन: ‘रिंगा गेल्या’ म्हणून सांगितलेल्या इंजिनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी मारुती व्हॅन, पेट्रोल, १९८७ची. ही व्हॅन बाजारात आली १९८४मध्ये आणि तिचं ‘ओम्नी’ असं बारसं झालं १९८८मध्ये, त्यामुळे या गाडीच्या अंगावर ओम्नी हे नाव कुठेच नाही. इंजिन एफ८बी: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी, एकूण सहा व्हॉल्व्ह, हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारा टायमिंग बेल्ट. कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सरचा डिस्ट्रिब्युटर आणि कॅमवर चालणारा पेट्रोल पंप. इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. फीलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पानं), रिंग पाने आणि थोडा धीर एवढ्यावर घरच्या अंगणात काम होतं, फक्त कंबर वाकवून करावं लागतं. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट मागे उलटायची, झाकण काढायचं आणि गुडघ्यावर बसायचं.

हौशी लोक अशा गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणतात. कायद्याच्या लेखी त्यासाठी पन्नास वर्षं भरावी लागतात. आरटीओसाठी ही नुसती जुनी गाडी, दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणी वाढवायची. या प्रकरणात ती तारीख चार महिन्यांवर आलेली होती आणि निर्णयांमागची घाई तिथूनच आली.

मालक साताऱ्यातले निवृत्त गृहस्थ. इंजिनाचं हेड कधी उतरवल्याची आठवण घरात कुणालाच नाही. शेवटचं नोंद घेण्याजोगं काम आठ वर्षांपूर्वीचं: टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवणारे स्क्रू) फार वाजत होते म्हणून गरम इंजिनावर, कानाने ऐकत ते आवळून घेतले होते. तेव्हापासून गाडी ‘एकदम गप्प’ झाली, याचं घरात कौतुक होतं. हे कौतुक लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

गाडी चौदा महिने शेडमध्ये उभी राहिली. टाकीत पाच-सहा लिटर जुनं पेट्रोल होतं. २०२५च्या दिवाळीनंतर नवी बॅटरी बसवली, त्याच टाकीत वरून पंपावरचं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल भरलं आणि गाडी चालू केली.

अडचण

थंड इंजिन चोक ओढला की दुसऱ्या झटक्याला चालू व्हायचं. पहिली दहा मिनिटं चाल ठीक. मग आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, थरथर सुरू व्हायची, दोन सिलिंडरवर चालल्यासारखी, आणि सीटखालून पेट्रोलचा वास यायचा. साताऱ्याहून वाईपर्यंत सपाटीला गाडी ओढत होती. पसरणी घाटात दुसऱ्या गिअरला दोन-तीन वळणं चढल्यावर ताकद गळायची, झटके बसायचे आणि इंजिन बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा जणू काही झालंच नाही. सायलेन्सरमधून काळपट धूर. ऑइल फिलरचं झाकण उघडलं की तिथूनही वाफ.

ही लक्षणं एकत्र वाचली की माणूस गोंधळतोच. घाटात बंद पडणं पेट्रोल कमी पडल्यासारखं, धूर आणि वास पेट्रोल जास्त पडल्यासारखे, आणि थरथर या दोन्हींपेक्षा वेगळी.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी गाडी दहा मिनिटं रेस करून पाहिली, फिलरच्या तोंडावर तळहात धरला आणि सांगितलं, “काका, रिंगा गेल्यात. हाफ इंजिन करायला लागंल.” रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या, सिलिंडरमधला दाब धरणाऱ्या कड्या. अंदाज ३२,००० रुपये, त्यात हेडचं काम वेगळं. फिलरमधून वाफ जोरात येत असेल तर रिंगांचा संशय घेणं चूक नाही. फक्त तिथे एकही आकडा मोजलेला नव्हता.

समोर असलेले पर्याय

हाफ इंजिन, म्हणजे रिंगा, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, हा एक पर्याय. निदान बरोबर असेल तर तोच योग्य. चुकीचं असेल तर गाडी त्याच घाटात पुन्हा बंद पडणार आणि ३२,००० गेलेले असणार, कारण पेट्रोल पंप आणि पाइप जुनेच राहणार.

भंगारातलं इंजिन आणून टाकायचं, हाही विचार झाला. ओम्नीचं उत्पादन २०१९पर्यंत चालू होतं, त्यामुळे इंजिनं मिळतात. पण नंतरच्या गाड्या कार्बोरेटरऐवजी एमपीएफआयवर (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवर) गेल्या, म्हणजे जुन्या जोडणीशी जुळणारं इंजिन शोधावं लागतं. शिवाय इंजिनाचा क्रमांक बदलला की आरसी पुस्तकात नोंद आली. नूतनीकरण चार महिन्यांवर असताना हा पर्याय लगेच बाद झाला, आणि तो बाद होणं योग्यच होतं.

नवा कार्बोरेटर बसवणं हा तिसरा. पेट्रोलचा वास आला की सगळी बोटं कार्बोरेटरकडे वळतात.

चौथा पर्याय मालकांच्या पुतण्याने मांडला. तो शेती अवजारांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. “काका, आधी कॉम्प्रेशन मोजू या. गेज मी आणतो.” कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. ठरलं चौथं, पण सुरुवात झाली तिसऱ्यापासूनच, कारण गेज मिळायला आठवडा लागणार होता आणि रविवार मोकळा होता.

पहिला रविवार: कार्बोरेटर

हा या प्रकरणातला सरळसरळ वाया गेलेला दिवस. कार्बोरेटर उतरवला, जेट धुतले, फ्लोटची सुई बदलली. दोन चुका झाल्या. आयडलचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो आतपर्यंत किती फेरे जातो हे मोजलं नाही, त्यामुळे परत लावताना मूळ जागा हरवली. आणि पायलट जेटला (आयडलचं पेट्रोल मोजून देणाऱ्या पितळी तुकड्याला) बारीक पात्याचा स्क्रू ड्रायव्हर लावल्यामुळे त्याची खाच फाटली. पितळी जेटला खाचेच्या पूर्ण रुंदीचं पातं लागतं, नाहीतर ते निसटतं आणि पितळ सोलतं.

जोडून झाल्यावर आयडल आधीपेक्षा वाईट. आता मूळ दोषात नवा दोष मिसळला होता आणि कोणतं लक्षण कुणाचं हे सांगणं अवघड झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथे मोडला आणि त्याची किंमत पुढचे दोन आठवडे मोजावी लागली.

एक गोष्ट मात्र कामाची झाली. टाकीचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी बोटभर थर वेगळा दिसला, वरच्या पिवळट पेट्रोलपासून स्वच्छ रेषेने तुटलेला. इथेनॉल पाणी ओढतं; पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं. टाकीतून पेट्रोल ओढणारं पिकअप तळाजवळ असतं, म्हणजे इंजिनाला आधी तोच थर मिळतो. टाकी पूर्ण रिकामी केली.

डिपस्टिक

दुसऱ्या रविवारी पुतण्याने कशालाही पाना लावण्याआधी डिपस्टिक ओढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. चौदा महिने उभ्या गाडीत तेल कुणी घातलं नव्हतं. वापरात तेल कमी होतं, वाढत नाही. वाढलं म्हणजे त्यात पाणी किंवा पेट्रोल शिरलंय.

डिपस्टिकवरचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याभोवती फिकट, ओलसर कडं पसरत जवळजवळ रुपयाएवढं झालं. चांगल्या तेलाचा थेंब इतका पळत नाही. नाकाजवळ नेल्यावर शंका उरली नाही, तेलात पेट्रोल होतं. पाण्याचा संशय असता तर तेल चहासारखं दुधाळ दिसलं असतं आणि रेडिएटरची पातळी उतरलेली असती. दोन्ही नव्हतं.

इथून सगळी लक्षणं एका दोरीत ओवली गेली. या इंजिनात पेट्रोल पंप हेडला लागून असतो. त्याच्या रबरी डायफ्रॅमच्या वर पेट्रोल, खाली इंजिनाची तेलाची बाजू. डायफ्रॅमला चीर गेली की पेट्रोल खाली तेलात उतरतं. इंजिन गरम झालं की तेलातलं पेट्रोल उडतं आणि त्याची वाफ ब्रीदर पाइपातून (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) एअर क्लीनरमध्ये, तिथून कार्बोरेटरमध्ये जाते. म्हणजे कार्बोरेटर बरोबर मोजून देतोय आणि वरून ब्रीदर फुकटचं पेट्रोल ओततोय. काळा धूर, वास, फिलरची वाफ, तिन्ही त्यातून. आणि त्याच चिरेतून पंप उलट हवा ओढतो. रबर गरम होऊन सैल पडलं की पुरवठा तुटतो. म्हणून घाटात बंद, थंड झाल्यावर ठीक.

खात्री करायला एक साधी चाचणी केली. इंजिन गरम करून आयडलला ठेवलं, ब्रीदरचा पाइप एअर क्लीनरपासून सोडवला आणि एअर क्लीनरचं भोक बोटाने बंद केलं. सात-आठ सेकंदांत धूर कमी झाला आणि आयडल सुधारलं. पूर्ण मात्र नाही. थरथर थोडी उरलीच. ही ‘थोडी’ महत्त्वाची ठरली.

इथे खरा निर्णयाचा क्षण होता: गाडी आणखी चालवायची का? मालकांचं म्हणणं, पंप मिळेपर्यंत गावात हळू चालवू. पुतण्याने नकार दिला आणि तो बरोबर होता. पेट्रोलाने पातळ झालेलं तेल क्रँकच्या बेअरिंगवर थर धरत नाही, आणि सीटखाली पेट्रोलची वाफ हा प्रकार तसाही खेळण्याचा नाही. गाडी त्या दिवसापासून उभी.

पंप, पाइप आणि तेल

सुरुवात सुरक्षिततेपासून. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडे, २ किलोचा एबीसी फायर सिलिंडर हाताशी. तारेचा साधा बल्ब जवळ आणायचा नाही. फुटला तर ठिणगी थेट वाफेत.

पंप दोन नटांवर बसतो. पंप आणि हेड यांच्यामध्ये जाड इन्सुलेटर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ गॅस्केट. हा इन्सुलेटर फेकायचा नाही, आणि गळती थांबावी म्हणून तिसरं गॅस्केट घालायचं नाही. तो हेडची उष्णता अडवतो आणि पंपाच्या दांडीचा स्ट्रोकही त्याच्या जाडीवर ठरतो. जाडी वाढली तर स्ट्रोक कमी, पुरवठा कमी. कमी झाली तर दांडी कॅमवर दाबून बसते.

जुना पंप बाकावर उघडला. डायफ्रॅम जिथे दर ठोक्याला दुमडतो त्या कडेला नखाएवढी चीर होती, हाताने ताणल्याशिवाय दिसत नव्हती. रबर मऊ, चिकट, बोटाला काळं लागणारं. २०२३पासून मिळू लागलेल्या ई२०च्या काळात हे वारंवार दिसणार. १९८७चं रबर त्या इंधनासाठी बनलेलंच नव्हतं, आणि दुकानात शिल्लक पडलेल्या जुन्या मालाचंही तेच. पंप घेताना ताज्या उत्पादनाचा, पाकिटावर तारीख असलेला घ्यावा.

पेट्रोलचे पाइप पूर्ण बदलले, टाकीकडे परत जाणाऱ्या रिटर्न लाइनसकट. परतीचा पाइप पिळलेला किंवा आतून सुजलेला असेल तर गरम पेट्रोल पंपाजवळच घुटमळतं आणि व्हेपर लॉक होतो, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. जुना रिटर्न पाइप उभा चिरला तेव्हा आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. नवा पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचा. इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला तो टिकतो. आतला व्यास मोजायला स्लाइड कॅलिपर नसेल तर ड्रिल बिटची मागची बाजू धातूच्या नळीशेजारी धरून माप काढता येतं. क्लॅम्प बारीक, गोल कडेचे. रबर कापणारे चिरे असलेले नकोत.

पुरवठा तपासला तो असा: कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाची वायर काढून ठिणगी बंद केली, कार्बोरेटरकडचा पाइप बाटलीत सोडला आणि एकाने पंधरा सेकंद स्टार्टर मारला. जुन्या पंपाची धार अधूनमधून बुडबुड्यांसकट यायची. नव्याची प्रत्येक ठोक्याला ठसठशीत.

तेल काढताना साडेतीन लिटरच्या वर भांड्यात आलं. भरायला तीन लिटरचा डबाही पुरा लागला नाही. फिल्टर नवा, तेल २०डब्ल्यू-४०. पन्नास किलोमीटर चालवून पातळी पाहिली, जागेवर. काढलेलं तेल पेट्रोलमिश्रित, म्हणजे ज्वलनशील. ते चुलीला किंवा कुंपणाच्या लाकडांना द्यायचं नाही. बंद डब्यातून जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे गेलं.

कॉम्प्रेशन: दोनदा मोजलं म्हणून कळलं

गेज दुसऱ्या आठवड्यातच आलं होतं आणि पहिलं मोजमाप जुन्या, पातळ तेलावर घेतलं होतं. आकडे किलो प्रति चौरस सेंमीमध्ये: पहिला सिलिंडर ९.८, दुसरा ९.५, तिसरा ६.८. हे आकडे कुणालाही दाखवले असते तर उत्तर ‘रिंगा’ हेच आलं असतं. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं आणि तेलाचा थर नसेल तर चांगली रिंगही दाब सोडते.

नवं तेल, पन्नास किलोमीटर, मग दुसरं मोजमाप: ११.२, ११.०, ७.२. पद्धत दोन्ही वेळा एकच होती: इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, चोक उघडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, ठिणगी बंद, बॅटरी भरलेली, प्रत्येकी सहा ठोके. अॅक्सिलरेटर न दाबता मोजलं तर हवाच कमी शिरते आणि तिन्ही आकडे खोटे निघतात.

पहिले दोन सावरले. रिंगांचा आरोप त्यांच्यापुरता मिटला. तिसऱ्याचं काय? प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं: ७.६. रिंग गेली असती तर तेलाने फट बुजून आकडा दीड-दोनने तरी चढला असता. चढला नाही, म्हणजे गळती वर, व्हॉल्व्हपाशी किंवा गॅस्केटपाशी.

नेमकी जागा शोधायला जुन्या प्लगमधली चिनी माती काढून त्यावर हवेचा निपल बसवला आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तिसऱ्या सिलिंडरमध्ये सोडली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, गाडी चौथ्या गिअरला, पुढच्या चाकांना दगड. हवेने क्रँक फिरू शकतो, पट्ट्याजवळ बोटं नकोत. मग कान लावायचा. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट, फिलरमधून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर हेड गॅस्केट. आवाज आला गाडीच्या मागून, सायलेन्सरच्या तोंडातून. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता.

टॅपेट

आता आठ वर्षांपूर्वीच्या त्या ‘गप्प’ गाडीकडे येऊ. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजली की व्हॉल्व्हचा दांडा वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. फट कमी म्हणजे आवाजही कमी. वाजणारा टॅपेट त्रास देतो, पण सहसा काही जाळत नाही. न वाजणारा जाळू शकतो, कारण फटच उरली नाही तर गरम होऊन लांबलेला व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो. टेकला नाही की कडेने ज्वाला निसटते आणि काही महिन्यांत कड खाल्ली जाते. इथली उरलेली थरथर, गरम झाल्यावरच येणारी, ती हीच.

रॉकर कव्हर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकर दांड्यांवरचं झाकण) पूर्ण थंड इंजिनावर उघडलं, रात्रभर उभ्या गाडीवर. फायरिंग ऑर्डर १-३-२. प्लग बाहेर असल्यामुळे गाडी चौथ्या गिअरला टाकून दोघांनी पुढे ढकलत क्रँक फिरवला. एका सिलिंडरपासून पुढच्यापर्यंत क्रँकचे २४० अंश, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या रोटरचे १२०. कॅपवर तीन टोकांच्या खुणा खडूने करून घेतल्या आणि रोटर त्या टोकाकडे आला की त्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट मोजले.

इथे एक फसगत होता होता राहिली. एरवी दोन्ही रॉकर हाताने हलतात का, यावरून कॉम्प्रेशनचं टोक ओळखतात. तिसऱ्याचा एक्झॉस्ट रॉकर कुठल्याच जागी हलेना, म्हणून पुतण्याला वाटलं जागा चुकली आणि तो आणखी ढकलत राहिला. जागा बरोबर होती. रॉकर हलत नव्हता हाच दोष होता. अशा वेळी रोटरवर विश्वास ठेवायचा.

मोजमापं: तिसऱ्याच्या एक्झॉस्टला ०.०५ मिमीचं पानही शिरेना. पहिल्याच्या इनलेटला ०.३० आरामात. बाकी चार ०.१० ते ०.२०च्या दरम्यान. सगळे इनलेट ०.१५वर आणि एक्झॉस्ट ०.१८वर आणले. पान ओढताना हलकं घासलं पाहिजे, तुपातून सुरी ओढल्यासारखं. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा बरोबर फिरतो आणि फट दोन-तीन शतांश मिलिमीटरने बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजणं सक्तीचं. सहांपैकी चार टॅपेट पहिल्या झटक्यात बरोबर बसले नाहीत.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघडताना ठिणगी पाडणारा स्विच. कॅमवर घासणारी टाच झिजून गॅप ०.२५ मिमीवर आला होता, ०.४५ केला. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं, म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. कंडेन्सर बदलला, प्लग ०.७५वर. शेवटी, सगळ्यांत शेवटी, नवा पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू. ई२०ला पेट्रोलच्या मानाने हवा कमी लागते, म्हणजे जुन्या सेटिंगवर मिश्रण थोडं पातळ पडतं. स्क्रू अर्धा फेरा उघडल्यावर आयडल बसलं.

निकाल

दोनशे किलोमीटरनंतरचे आकडे: ११.४, ११.२, १०.४. दोन सिलिंडरमधला फरक एक किलोच्या आत असावा असा ठोकताळा आहे. इथे तो बरोबर काठावर. तिसरा व्हॉल्व्ह वाचला, पण त्याची कड थोडी गेली आहे, हे उघड. तेलाची पातळी हललेली नाही. गाडी पसरणी घाट चढून पाचगणीला गेली, वर वीस मिनिटं आयडलला ठेवली, बंद करून लगेच चालू केली, झाली. काळा धूर गेला. टॅपेटचा बारीक टिकटिक आवाज मात्र आला आणि मालकांना तो अजून खटकतो.

सुटे भाग, तेल आणि गेज मिळून खर्च ४,५०० रुपयांच्या आत. वेळ चार रविवार; त्यातला एक पूर्ण वाया.

वेगळं काय करता आलं असतं

डिपस्टिक पहिल्या दिवशी, चावी लावण्याआधी. तिच्यावरची पातळी पाहिली असती तर कार्बोरेटरला हात लागला नसता आणि पातळ तेलावर वाईपर्यंतच्या दोन फेऱ्या झाल्या नसत्या. या फेऱ्यांनी बेअरिंगचं काय केलं हे उघडल्याशिवाय कळणार नाही. ऑइल प्रेशरचा दिवा गरम इंजिनावर लगेच विझतो, एवढाच दिलासा.

चौदा महिने उभ्या गाडीत वरून नवं पेट्रोल ओतणं ही दुसरी चूक. आधी टाकी रिकामी करायची. उभी ठेवायचीच असेल तर पेट्रोल काढून ठेवायची.

गॅरेजमध्येही एक प्रश्न विचारायचा राहून गेला: “मिस्त्री, कॉम्प्रेशन किती आलं?” त्यात कुणाचा अपमान नाही. आकडा मिळाला असता तर ३२,००० रुपयांचं बोलणं वेगळ्या पायावर झालं असतं. अर्थात तोही पातळ तेलावरचाच आकडा असता आणि त्यानेही ‘रिंगा’च म्हटलं असतं, हेही खरं.

टायमिंग बेल्टकडे या सगळ्यात कुणी पाहिलंच नाही. किती वर्षांचा आहे माहीत नाही, म्हणजे बदलायचा. रबर किलोमीटरपेक्षा वयाने जातं. रॉकर कव्हर उघडलं होतं, हात काळे झालेच होते, त्याच दिवशी पुढचं कव्हर काढायला हवं होतं. आता ते काम फिटनेसच्या तारखेआधी ठरलं आहे.

हेड उतरवायचं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. पुतण्याचं म्हणणं, आत्ताच उतरवून तिसरा व्हॉल्व्ह लॅप करावा, म्हणजे सीटवर घासून बसवावा. मालकांचं म्हणणं, चालतेय तोवर चालू द्या. तडजोड म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. सहाशे किलोमीटरनंतर तिसऱ्याचा एक्झॉस्ट पुन्हा मोजला तेव्हा फट ०.१८वरून ०.१५ झाली होती, म्हणजे सीट अजून बसतेय. तेव्हा ती परत ०.१८ केली. पुढची नोंद हजार किलोमीटरला: फट पुन्हा ०.१५च्या खाली गेली किंवा कॉम्प्रेशन ९.५च्या खाली उतरलं, तर हेड उतरवायचं.